दिल्लीचा उन्हाळा आणि घरची बाग

महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त दिल्ली, नोएडा, गुरुग्राम किंवा गाझियाबाद येथे आलेल्या अनेक कुटुंबांच्या सामानात तुळशीचे एखादे रोप असते. त्याच्या सोबतीला कोणी अबोली आणतो, कोणी गावाकडच्या अनंताची फांदी. पुढे दिल्लीचा हिवाळा येतो आणि रोपवाटिकेतून आणलेल्या पिटुनिया, डेलिया, शेवंती यांनी सज्जा भरून जातो. थंडीच्या दिवसांत येथे फुले इतकी सहज फुलतात, की बाग करणे फार सोपे आहे असे वाटू लागते. मग होळी होते आणि त्यानंतरच्या सहा-सात आठवड्यांत तीच बाग डोळ्यांदेखत करपते. रोज पाणी घालूनही झाडे का गेली, हा प्रश्न अशा वेळी घरात विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायचे असेल, तर पाणी किती घातले याच्याइतकेच ते कधी घातले, कोठे घातले आणि कोणते घातले, हेही पाहावे लागते.

प्रथम हवेचा विचार करू. मुंबईत मे महिन्याचे कमाल तापमान साधारणतः ३३-३४ अंश सेल्सिअस असते आणि समुद्रामुळे हवेत भरपूर ओलावा असतो. दिल्लीत त्याच महिन्यात कमाल तापमानाची सरासरी ४० अंशांच्या आसपास असते. सफदरजंग येथील वेधशाळेत २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंश तापमान नोंदले गेले होते. २९ मे २०२४ रोजी त्याच ठिकाणी पारा ४६.८ अंशांवर पोहोचला. परंतु झाडांच्या दृष्टीने केवळ तापमानाचा आकडा महत्त्वाचा नाही. पश्चिमेकडील वाळवंटी प्रदेशावरून येणारी 'लू' ही हवा अत्यंत कोरडी असते. ओले धोतर मुंबईत दुपारभर वाळत राहते, तेच दिल्लीच्या मे महिन्यात अर्ध्या तासात कडक होते. पानांतील पाणीही याच वेगाने उडून जाते.

इ. स. १५२६ मध्ये पानिपतची लढाई जिंकून आलेल्या बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील तीन गोष्टींचा त्रास झाल्याचे नमूद केले आहे: उष्णता, जोराचा वारा आणि धूळ. त्यावर त्याने केलेला उपायही तेथेच दिला आहे. आग्र्याला यमुनेच्या काठी त्याने विहिरी खणवल्या, स्नानगृह बांधले आणि बाग लावली. पाच शतके लोटली, तरी दिल्लीच्या परिसरात बाग करणाऱ्याला आजही याच तीन गोष्टींशी सामना करावा लागतो.

झाड मुळांवाटे पाणी घेते आणि पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून ते वाफेच्या रूपाने बाहेर टाकते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. घाम आल्यामुळे जसे आपले शरीर थंड राहते, तसे या क्रियेमुळे पान थंड राहते. उन्हाळ्याच्या दुपारी पानांतून बाहेर जाणारे पाणी मुळांच्या पुरवठ्यापेक्षा अधिक होते. तेव्हा पाने मलूल होऊन खाली झुकतात व पर्णरंध्रे मिटू लागतात. झाडाने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली ही तजवीज असते. मातीत ओल असेल, तर सूर्य मावळल्यावर तीच पाने पुन्हा ताठ होतात. परंतु दुपारी तीन वाजता झुकलेली जास्वंद पाहून घरातील माणसाचा जीव कळवळतो आणि ती व्यक्ती तांब्याभर पाणी घालते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. आधीच ओल्या असलेल्या मातीत पाण्याची भर पडत गेली, की मातीच्या कणांमधील हवा निघून जाते, मुळांना श्वास घेता येत नाही आणि ती कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. त्यामुळे पाने अधिकच मलूल होतात, आणि झाडाला तहान लागली आहे असे समजून आणखी पाणी घातले जाते. दिल्लीच्या उन्हाळ्यात कुंडीतील झाडे पाण्यावाचून मरतात, त्याचप्रमाणे या गैरसमजानेही बरीच मरतात.

म्हणून झाडाची परीक्षा दुपारी न करता पहाटे करावी. रात्रभर विश्रांती मिळूनही सकाळी पाने झुकलेलीच दिसली, तर झाडाला खरोखर पाणी हवे आहे किंवा मुळांना काही इजा झाली आहे. यातले कोणते, हे मातीत बोट घालून कळते. बोटाची दोन पेरे आत गेल्यावर माती कोरडी लागली, तर पाणी द्यावे. ओली लागली, तर देऊ नये. इतकी साधी कसोटी कोणत्याही उपकरणाहून भरवशाची आहे. पाणी देताना ते कुंडीच्या तळाच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत सावकाश द्यावे. वरवर शिंपडलेले पाणी एक-दोन इंच माती भिजवते, मुळे त्या ओलीच्या मागे वर येतात आणि नेमकी तापलेल्या थरात सापडतात.

पाणी पहाटे द्यावे, हे सर्वजण सांगतात. दिल्लीत त्याला आणखी एक कारण आहे. घराघरांच्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. मे-जून महिन्यांत त्यांतील पाणी दिवसभर तापते आणि रात्री नऊ-दहा वाजेपर्यंत गरमच राहते. संध्याकाळी नळाला नळी लावून बागेला पाणी देणारा माणूस पुष्कळदा झाडांच्या मुळांवर कढत पाणी ओतत असतो. टाकीतील पाणी सर्वांत थंड असते ते पहाटे पाच ते साडेसहाच्या सुमारास. ज्यांना संध्याकाळीही पाणी द्यावे लागते, त्यांनी सकाळीच दोन बादल्या भरून सावलीत ठेवाव्यात.

जमिनीतील झाडाच्या मुळांना भोवतालची माती सांभाळते, कुंडीतील झाडाला हे संरक्षण नसते. गच्चीची तापलेली फरशी खालून, पश्चिमेची भिंत बाजूने आणि ऊन वरून कुंडी भाजून काढते. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या व पातळ डबे यांत ही उष्णता लवकर आत जाते. मातीची कुंडी सच्छिद्र असल्यामुळे तिच्या अंगातून पाणी झिरपून उडते आणि माठातील पाण्यासारखी आतली माती थंड राहते. मात्र तिला पाणी अधिक लागते. कुंडीखाली दोन विटा ठेवाव्यात, म्हणजे फरशीची धग थेट लागत नाही. कुंड्या दूर दूर न ठेवता एकमेकींना चिकटून ठेवाव्यात, मोठ्या पश्चिमेला आणि लहान त्यांच्या आडोशाला. ज्यांच्याकडे पूर्वेचा सज्जा आहे त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावे. पश्चिमेचा सज्जा असणाऱ्यांनी हिरवी जाळी बांधावी. निम्मे ऊन अडवणारी जाळी बहुतेक झाडांना पुरते. ती झाडांच्या शेंड्यांना टेकू न देता दोन-तीन फूट उंच ताणावी, म्हणजे खालून हवा खेळती राहते.

मातीचा वरचा थर झाकणे हा या सगळ्यांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. दिल्लीत त्यासाठी निसर्गानेच सोय केलेली आहे. येथील कडुनिंब, पिंपळ यांसारखी झाडे थंडीच्या तोंडाशी पाने न गाळता फाल्गुन-चैत्रात गाळतात. मार्च महिन्यात रस्त्यांच्या कडेला पाचोळ्याचे ढीग साचतात. पूर्वी ते सर्रास पेटवून दिले जात. उघड्यावर कचरा व पाला जाळणाऱ्यास पाच हजार रुपये दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दिला. हाच पाचोळा दोन पोती भरून आणावा, पसरून वाळवावा आणि एप्रिलच्या प्रारंभी प्रत्येक कुंडीत दोन इंच जाडीचा थर द्यावा. खोडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडावी. या आच्छादनामुळे ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही, ओल टिकते आणि पावसाळा येईपर्यंत खालचा पाला कुजून मातीत मिसळू लागतो. पालापाचोळा म्हणजे तयार होत असलेली माती, हा विचार महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून शेतकऱ्यांपर्यंत आणि शहरात गच्चीवर बाग करणाऱ्यांपर्यंत पोहोचवला. मुंबईच्या भर वस्तीत पोर्ट ट्रस्टच्या भोजनालयाच्या गच्चीवर, स्वयंपाकघरातील टाकाऊ पदार्थांच्या मातीत फळझाडे व भाज्या वाढल्या, त्या याच वाटेने.

आता पाण्याचा मुख्य प्रश्न. दिल्ली आपल्या पाण्याचा फार मोठा भाग शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या यमुना, गंगा व भाक्रा यांच्या पाण्यातून भागवते. २०२४ च्या उन्हाळ्यात हे पाणी अपुरे पडले, वस्त्यावस्त्यांतून टँकरपुढे रांगा लागल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नळी लावून गाडी धुणाऱ्यास किंवा टाकी वाहू देणाऱ्यास दोन हजार रुपये दंड करण्याचे दिल्ली सरकारने मे महिन्याच्या अखेरीस जाहीर केले. शेजारच्या वस्तीत पिण्याच्या पाण्यासाठी लोक रांगेत उभे असताना आपण फुलझाडांना पिण्याचे पाणी घालावे का, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. या लेखकाच्या मते, घरात एकदा वापरलेले पाणी पुरेल एवढीच बाग उन्हाळ्यात ठेवावी.

असे पाणी किती मिळते, हे मोजून पाहावे. मध्यम आकाराच्या वीस कुंड्यांना आच्छादन असेल, तर दिवसाला सुमारे वीस लिटर, म्हणजे एक मोठी बादली पाणी लागते. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी जमा केले, तरी त्यातून बराच भाग निघतो. याशिवाय दिल्लीतील पुष्कळ घरांत पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र असते. ते एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते. चार माणसांच्या घरात असे वीस-तीस लिटर पाणी रोज वाया जाते. मात्र ते वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पाण्यातून काढून टाकलेले सर्व क्षार याच पाण्यात उतरलेले असतात. घरी नदीचे गोडे पाणी येत असेल, तर यंत्राचे टाकाऊ पाणी बहुतेक झाडांना चालते. द्वारका, नजफगड, गुरुग्राम यांसारख्या भागांत जेथे कूपनलिकेचे खारे पाणी येते, तेथे ते अधिकच खारट झालेले असते. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर दिसू लागला, पानांच्या कडा करपू लागल्या, की क्षार साचले आहेत असे समजावे. टाकाऊ पाणी निम्मे व साधे पाणी निम्मे असे मिसळून द्यावे आणि पंधरा दिवसांतून एकदा साध्या पाण्याने माती चांगली धुऊन निघेल असे पाणी द्यावे. बोगनवेल आणि कण्हेर खारे पाणी बऱ्यापैकी सोसतात. अनंत, सोनचाफा आणि नेचे यांना मात्र ते अजिबात देऊ नये. दिल्लीच्या अल्कधर्मी मातीतच त्यांची पाने पिवळी पडतात, कारण अशा मातीतील लोह मुळांना घेता येत नाही.

उन्हाळ्यात येथे कूलर लावण्याची प्रथा आहे. त्याच्या टाकीत तळाशी उरलेले पाणी अनेकजण झाडांना घालतात. कूलरमधून शुद्ध पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. त्याच्या गवताच्या जाळ्यांवर जमलेला पांढरा थर तेच सांगतो. तेव्हा हे पाणी न वापरलेलेच बरे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी याच्या उलट असते. ते हवेतील बाष्प थंड होऊन बनते, म्हणून जवळजवळ क्षारविरहित असते. पण निसर्गाची थट्टा अशी, की मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते थोडेच मिळते आणि जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा बागेला त्याची गरज नसते, तेव्हा बादल्या भरतात. जेवढे मिळेल तेवढे अनंतासाठी राखून ठेवावे.

जुन्या मराठी घरांत मोरीच्या सांडपाण्यावर अळू वाढवलेला असे. दिल्लीतही ही युक्ती उत्तम चालते. थंडीत अळूची पाने नाहीशी होतात. मार्च-एप्रिलमध्ये कंदांना कोंब फुटतात. उत्तरेच्या सावलीत, भांडी विसळलेले पण साबण नसलेले पाणी जेथे रोज टाकता येईल, तेथे एका पसरट टबात दोन-तीन कंद लावले, तर उन्हाळाभर फदफद्याची आणि वड्यांची सोय होते.

ज्यांना चार-पाच दिवसांसाठी बाहेरगावी जावे लागते, त्यांनी मडक्याचा उपयोग करावा. न भाजलेला किंवा चकचकीत लेप दिलेला घट न घेता साधा, भाजलेला छोटा माठ मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरावा आणि वर पणती झाकावी. माठाच्या सच्छिद्र अंगातून माती आपल्याला हवे तेवढेच पाणी ओढून घेते; माती ओली असेल, तर झिरपणे मंदावते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात खरबुजाच्या वेलासाठी ही पद्धत सांगितलेली आहे. लहान कुंडीसाठी चहाच्या टपरीवरील कुल्हडही पुरतो.

घराला अंगण असेल, तर वाफे उंच करू नयेत. कोकणात पाणी निचरून जावे म्हणून झाडाभोवती भर घालतात. दिल्लीत उन्हाळ्यापुरते तरी झाडाचे आळे भोवतालच्या जमिनीपेक्षा खोल असावे. हुमायूनच्या कबरीभोवतीची चारबाग पाहिली, म्हणजे हे तत्त्व समजते. तेथील वाटा व पाण्याचे पाट उंचावर आहेत आणि झाडे-हिरवळ त्यांच्या खाली आहे. त्या बागेचे १९९७ ते २००३ या काळात पुनरुज्जीवन करण्यात आले आणि कोरडे पडलेले पाट पुन्हा वाहू लागले.

कोणती झाडे ठेवावीत आणि कोणती जाऊ द्यावीत, हाही निर्णय एप्रिलमध्येच करावा लागतो. पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी ही हंगामी झाडे आपले आयुष्य संपवून चाललेली असतात. त्यांना पाणी घालून जगवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. वाळलेल्या बोंडांतील बी काढून कागदाच्या पाकिटात, नाव व वर्ष लिहून ठेवावे आणि झाडे उपटून आच्छादनात टाकावीत. डेलियाची पाने वाळल्यावर कंद काढून कोरड्या वाळूत, अंधाऱ्या थंड जागी ठेवावेत. शेवंतीचे मात्र तसे नाही. फुले संपल्यावर ती मेल्यासारखी दिसते, पण बुंध्याशी नवे फुटवे आलेले असतात. तिला सावलीत, जेमतेम ओलीत सांभाळावे लागते. गुलाबाला या दिवसांत छाटू नये, खतही देऊ नये. मे-जूनमध्ये रासायनिक खत दिल्यास मातीतील क्षार वाढून मुळे भाजतात. कोवळी फूट आली तरी ती लूच्या पहिल्याच झोताने जळते. कुंडी बदलणे, मुळे छाटणे ही कामेही पावसाळ्यावर टाकावीत. या दोन महिन्यांत झाड टिकले, म्हणजे पुरे.

याचा अर्थ उन्हाळ्यात काहीच फुलत नाही असा नाही. मोगऱ्याला तर हेच ऊन हवे असते. माघात छाटलेला मोगरा चैत्र-वैशाखात भरभरून फुलतो. मधुमालती, कण्हेर, तगर यांनाही फुले येतात आणि बोगनवेल तर पाणी थोडे कमी मिळाले, की अधिक रंग धरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलेले झिनिया, गलांडा आणि सूर्यफूल आता फुलावर येतात. ऑफिसटाइम नावाने महाराष्ट्रात ओळखली जाणारी लहान फुले, पाने मांसल असल्यामुळे, तापलेल्या कठड्याजवळही मजेत राहतात. भाज्यांत भेंडी, चवळी, दुधी, दोडका, घोसाळे आणि कारले यांचा हा हंगाम. टोमॅटोची फुले मात्र एवढ्या उष्णतेत फळ न धरताच गळून पडतात. सोसायटीच्या नवव्या-दहाव्या मजल्यावर कीटक कमी येतात, त्यामुळे दुधीची फळे बोटाएवढी होऊन सडतात. अशा वेळी नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलाला हाताने लावावेत. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, घोसाळ्याची सकाळी. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांचा प्रयत्न फसतो.

धुळीने भरलेल्या पानांवर लाल कोळी वाढतो. पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि मागील बाजूस जाळे दिसते. त्याला कोरडी, उष्ण हवा मानवते, म्हणून आठवड्यातून एकदा पहाटे पाने दोन्ही बाजूंनी धुतली, तरी तो बराच आटोक्यात येतो. पिठ्या ढेकूण दिसल्यास कापसाने पुसून काढावा आणि सौम्य साबणाचे पाणी फवारावे.

वाऱ्याकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. मे-जूनमधील 'आंधी' काही मिनिटांत आकाश पिवळे करून टाकते. उंच इमारतीच्या कठड्यावरील कुंडी अशा वेळी खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. मे २०२५ मध्ये नोएडा प्राधिकरणाने कठड्यांवरील कुंड्या काढून घेण्याच्या सूचना गृहसंकुलांना दिल्या. कुंड्या कठड्याच्या आत, जमिनीवर ठेवाव्यात आणि टांगलेल्या कुंड्या एप्रिलमध्येच उतरवाव्यात. कुंडीखालची ताटली उन्हाळ्यात उपयोगी पडते, पण तिच्यात पाणी साचू देऊ नये, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

दिल्लीत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख २७ जून मानली जाते, म्हणजे मुंबईनंतर सुमारे दोन आठवड्यांनी. कधी तो एकदम येतो. २८ जून २०२४ रोजी सफदरजंगला चोवीस तासांत २२८ मिलिमीटर पाऊस पडला, आणि ज्या शहरात महिनाभर पाण्यासाठी रांगा होत्या, तेथे रस्ते बुडाले. म्हणून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कुंड्यांची छिद्रे काडीने मोकळी करावीत, ताटल्या काढून ठेवाव्यात आणि अंगणातील खोल आळी भरून घ्यावीत. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर जाळी उतरवावी. मात्र एकदम नव्हे, ढगाळ दिवस पाहून. आता रोज पाणी देण्याची गरज राहत नाही. कुजलेल्या आच्छादनात मूठ-दोन मुठी शेणखत मिसळावे, सांभाळलेल्या शेवंतीच्या फुटव्यांचे शेंडे कापून वाळूत लावावेत. त्यांना मुळे फुटायला साधारण तीन आठवडे लागतात.